कॉइलओव्हर घेताना क्लिक मोजू नका, आधी स्प्रिंग आणि व्हॉल्व्हिंग बघा

सरळरेषा (पुणे), धागाकर्ता

ट्रॅकडेला हल्ली कुणीही भेटलं की हाच प्रश्न: "पोलो ट्रॅकसाठी बनवतोय, २४ क्लिकवालं कॉइलओव्हर घेऊ की ३२ क्लिकवालं?" माझ्या मते सुरुवातच चुकीच्या टोकाने होते आहे. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा उंची बदलता येणारा संच, आणि क्लिक म्हणजे त्याच्या डॅम्पिंगच्या (शॉकअपच्या हालचालीला होणाऱ्या विरोधाच्या) नॉबचे टप्पे. बिल्स्टीनच्या बी१४ ला डॅम्पिंगचा नॉबच नाही, फक्त उंची कमी-जास्त होते. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट १ चंही तसंच. तरी लोक ते वर्षानुवर्षं घेतात, कारण शॉकअपचं व्हॉल्व्हिंग, म्हणजे आतून तेल किती अडवलं जातं ते, त्या स्प्रिंगला जुळवूनच कारखान्यातून येतं.

स्वस्त सेटमधला नॉब म्हणजे आतली एक सुई. ती तेलाची वाट थोडी उघडते, थोडी बंद करते. बदलतो तो मुख्यतः रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा विरोध. सोबत कॉम्प्रेशनही (दबताना होणारा विरोध) थोडं हलतं, किती ते सांगता येत नाही. एकाच खोक्यातल्या दोन शॉकअपना सारखे क्लिक दिले तरी डायनोवर (शॉकअपचा विरोध मोजणाऱ्या यंत्रावर) त्यांचे आलेख जुळतील याची खात्री नाही. मग बत्तीस क्लिक कशासाठी?

खरा निर्णय स्प्रिंगचा. समजा पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने तोललेलं वजन ३०० किलो आहे. ६० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग टाकली आणि मॅकफर्सन स्ट्रटचं (पुढच्या चाकाच्या स्प्रिंग-शॉकअपच्या एकत्र खांबाचं) गुणोत्तर धरलं, की चाकापाशी साधारण ५४ उरतात. त्यातून वारंवारता, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली होते ती, येते २.१ हर्ट्झच्या आसपास. साध्या रोडकारची १ ते १.५ असते. स्प्रिंग तिप्पट कडक केली, तर डॅम्पिंगही सुमारे पावणेदोन पट लागतं. म्हणूनच मूळ शॉकअपवर कडक स्प्रिंग चढवलेली गाडी उड्या मारते.

माझा क्रम असा: टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल, अलाइनमेंट, आणि त्यानंतर कॉइलओव्हर. घ्याल तेव्हा विक्रेत्याला स्प्रिंगचा आकडा आणि डायनोचा आलेख विचारा. आलेख नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.

रिबाउंड_कोल्हापूर

दादा, गणित बरोबर आहे, पण आमच्या परिस्थितीला लागू नाही. पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक अकराशेहून जास्त किलोमीटर. एनएच ४८ धरायचा, खंबाटकी चढायची, बेळगाव-हुबळी करत बंगळुरू गाठायचं आणि तिथून पुढे श्रीपेरुंबुदूर. ट्रेलर आणि तो ओढणारी गाडी ठेवणारे कितीजण आहेत? आम्ही त्याच गाडीत हेल्मेट आणि टायरचा दुसरा सेट टाकून जातो. रस्त्याला मऊ, ट्रॅकला कडक, हे नॉबशिवाय कसं जमणार?

शिवाय ट्रॅकही एकसारखे नाहीत. कोइम्बतूरचा कारी जेमतेम २.१ किलोमीटरचा, वळण संपलं की लगेच पुढचं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, एक सरळ तर किलोमीटरहून लांब. दोन्हीकडे एकच सेटिंग चालेल असं म्हणणं मला पटत नाही.

आणि शिकण्याचं काय? चार क्लिक फिरवून गाडीच्या नाकात काय बदललं, हे स्वतःच्या हातांना कळल्याशिवाय सस्पेन्शन समजत नाही. नॉब नसलेला सेट घेऊन तो माणूस काय शिकेल?

सरळरेषा

भाऊ, नॉब मऊ केला म्हणून स्प्रिंग मऊ होत नाही. ती २.१ हर्ट्झचीच राहते, तुम्ही फक्त तिच्यावरचा लगाम सैल करता. अशी गाडी हायवेवर जोडाजोडावर डुलते आणि सहाशे किलोमीटरनंतर पाठ बोलायला लागते. रस्त्यासाठी मऊपणा हवा असेल तर स्प्रिंगच थोडी मऊ निवडा आणि ट्रॅकवर चार दशांश सेकंद सोडून द्या. कारी आणि बुद्धमध्ये टायरचं प्रेशर, टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा त्या एका सुईने पडत नाही.

गॅरेजवाली_नाशिक

दोघांच्याही बोलण्यात गाडीची मागची बाजू आलीच नाही. पोलोला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा आहे. तिथे स्प्रिंग वेगळी बसते, शॉकअप वेगळा. खोक्यावर काहीही छापलेलं असो, मागे स्प्रिंगखाली फिरवायची बैठक असते, तिच्यावरून उंची ठरते. त्यामुळे मागची स्प्रिंग बदलणं तासाभराचं काम आहे, आणि फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचं नाक वळणात बाहेर पळत असेल तर पहिला हात तिथेच घालायला हवा.

दादांच्या क्रमाला मात्र माझा ठाम विरोध आहे. मूळ स्ट्रटवर पोलोला निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं, जवळजवळ मिळतच नाही. गाडी वळणात कलली की पुढच्या टायरचा सगळा भार बाहेरच्या खांद्यावर येतो. ट्रॅकवरून आलेल्या गाड्यांचे टायर माझ्याकडे येतात ते असे: बाहेरची दोन बोटं रुंदीची पट्टी गुळगुळीत, आणि आतल्या बाजूला खाचा जवळपास नव्यासारख्या. एवढे महाग टायर आधी घ्यायचे आणि एका दिवसात खांदे जाळायचे, याला काय अर्थ आहे? कॅम्बर प्लेटसह (तो झुकाव बदलू देणाऱ्या वरच्या प्लेटसह) येणारं कॉइलओव्हर आधी बसवलं तर टायरचा खर्चच वाचतो.

आणि बसवल्यावर नॉबला हात लावण्याआधी एक करा. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक झिप टाय ओढून बसवा आणि सीलपर्यंत खाली सरकवा. सेशन संपल्यावर ती जिथे थांबली असेल, तिथपर्यंत शॉकअप दबला. बंप स्टॉपला (शॉकअप शेवटी ज्यावर टेकतो त्या रबराला) चिकटली असेल तर गाडी स्प्रिंगवर नाही, रबरावर चालली आहे. तिथे कितीही क्लिक फिरवले तरी उपयोग नाही.

व्हेंटोवाला_मुंबई

कायद्याचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचा. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेयरने चाकामागे डोकावलं, तर दाव्याचं काय होईल याचा विचार घरच्यांसाठी तरी करा. माझं मत सरळ आहे: रोजच्या गाडीला हात लावू नका. चारजणांनी मिळून एक जुनी गाडी घ्या, ती ट्रॅकजवळच ठेवा आणि हवं ते करा. आमच्याकडच्या पावसात उंची बदलायच्या कॉलरचे आटे दोन वर्षांत गंजून धरतात, मग ना उंची बदलता येते ना कॉर्नर वेट, म्हणजे प्रत्येक चाकावरचं वजन.

रिबाउंड_कोल्हापूर

ताई, झिप टायचं पटलं, या वेळी करतो. पण नॉबवरचा माझा मुद्दा कायम आहे. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट ३ मध्ये रिबाउंड आणि कॉम्प्रेशन वेगवेगळे फिरतात. तेही निरुपयोगी म्हणायचे का? आणि दादा, "एका सुईने फरक पडत नाही" म्हणता, तर नॉब पूर्ण कडक करून कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवर) जाऊन बघा.

सरळरेषा

कडक करून काय होतं ते सांगतो. रिबाउंड अति झाला की चाक दबल्यावर पुढच्या उंचवट्यापर्यंत पूर्ण उघडतच नाही. गाडी प्रत्येक धक्क्याला थोडी खाली बसते आणि शेवटी बंप स्टॉपवर येते. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग कडक आहे, म्हणून तो ती मऊ करतो आणि आणखी बिघडवतो. नॉबने गाडी बिघडवता येते हे मी नाकारलेलंच नाही.

दोन्ही वेगळे फिरणारे सेट चांगलेच असतात, पण त्या किमतीत मी आधी ताईंनी सांगितलेल्या कॅम्बर प्लेट घेईन. त्या मूळ स्ट्रटसाठी सुट्या मिळत असतील तर टायर आधी हा माझा क्रम तसाच राहतो.

गॅरेजवाली_नाशिक

सुट्या मिळाल्या तरी गाडी तेवढीच कलणार, त्यामुळे अर्धंच काम होतं. आणि उंची कमी करून कलणं थांबवायच्या मागे कुणी लागू नका. मॅकफर्सनमध्ये गाडी खाली बसवली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक वर जातं, आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. म्हणजे खाली बसवलेली गाडी उलट जास्त कलू पाहते. आर्म निदान जमिनीला समांतर राहील एवढीच उंची ठेवा. ती हब ते फेंडर मोजा, जमिनीपासून नको, कारण टायरचं प्रेशर बदललं की तो आकडा बदलतो.

रिबाउंड भाऊ, तुम्हाला क्लिक फिरवायचेच आहेत तर नॉब पूर्ण बंद करून तिथून उलटे मोजा. मऊ टोकाला पक्का थांबा असेलच असं नाही. एका सेशनला एकच बदल, आणि तो पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही चाकांना. कॉर्नर वेट करायला याल तेव्हा टाकीत ट्रॅकवर असतं तेवढंच पेट्रोल ठेवा आणि स्वतः सीटवर बसायची तयारी ठेवा. अँटी-रोल बारच्या लिंक मी सोडून ठेवते.