आख्खा दिवस आपला: परक्या शहरातली एकट्याची खरेदी आणि खादाडी

परदेशवारी म्हटली की सकाळी सातला लॉबीत हजर, बस, फोटो, दुपारी 'इंडियन मील', पुन्हा बस. नाहीतर ऑफिसचं काम आणि हॉटेलची खोली. त्यातूनच कधीतरी एखादा दिवस असा निघतो की कुणी वाट बघत नसतं, कुणाचे पाय दुखत नसतात आणि 'हे आपल्याकडे स्वस्त मिळतं' असं कानाशी म्हणणारं कुणी नसतं. त्या दिवसाबद्दल खाली प्रतिसादांत लिहा. किल्ले-म्युझियम नकोत. कुठे रेंगाळलात, काय घेतलंत, काय चापलंत, तेवढंच. सुरुवात मीच करते.

इस्तंबूल. नवऱ्याची कॉन्फरन्स होती, मी मोकळी. ग्रँड बाजाराच्या वाटेला गेलेच नाही (तुम्ही जाणार असाल तर रविवार सोडून जा, बंद असतो). थेट एमिनोन्यूचा मसाले बाजार गाठला. आत सगळा पर्यटकांचा मामला, प्रत्येक जण केशर आणि टर्किश डिलाइट पुढे करतो. खरी मजा बाहेर, बाजाराच्या भिंतीला लागून असलेल्या गल्ल्यांत. तिथे स्थानिक बायका चीज, ऑलिव्ह, सुकी वांगी घेत होत्या. हो, वांगी! पोखरून वाळवलेली, दोऱ्यात ओवून माळा टांगलेल्या. भिजवायची आणि भात भरून शिजवायची. एक माळ घेतली. सुमाक हा आंबट लाल मसाला घेतला, पुल बिबेर म्हणजे तिथली भरड मिरची घेतली. कोपऱ्यावर कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी हे १८७१ पासूनचं कॉफीचं दुकान आहे. रांग मोठी, पण भराभर सरकते. दळलेल्या कॉफीची कागदी पुडी हातात पडली तेव्हा कोमट होती. पर्स दिवसभर घमघमत होती.

मग फेरी पकडून कादिकॉयला. ट्रामचंच कार्ड चालतं. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात, आणि तेवढ्यात चहावाला ट्रे घेऊन दोनदा फिरतो. लोक सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या कड्यासारख्या पावाचे, तुकडे हवेत उडवतात, सीगल वरच्यावर झेलतात. मी माझं सिमित मुकाट्याने स्वतः खाल्लं.

कादिकॉयच्या मंडईत लोणच्यांचं दुकान दिसलं. कोबी, काकडी, कच्चे प्लम, भेंडी, सगळं काचेच्या बरण्यांत उभं रचलेलं. तिथे लोणच्याचं पाणी पेल्यातून पितात! लालभडक, आंबट, खारट, तळाशी कोबीचे चार तुकडे. पहिल्या घोटाला डोळे मिटले, शेवटी पेला पालथा घातला. जेवायला साधी लोकांता, म्हणजे तिथली खानावळ, शोधली. काचेमागे ट्रे मांडलेले असतात, बोट दाखवायचं, ताटलीत पडतं. ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या, डाळीचं सूप, पाव. भाषा लागत नाही, सोबत तर नाहीच नाही.

*

माझं टोकियो, कंपनीच्या खर्चाने. जोडून एक शनिवार काढला आणि कप्पाबाशीला गेलो. उएनो आणि असाकुसाच्या मधे, हॉटेलवाल्यांना भांडीकुंडी पुरवणारा रस्ता. नाक्यावरच्या इमारतीवर टोपी घातलेल्या शेफचं भलंमोठं डोकं बसवलंय, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. रेस्टॉरंटच्या काचेत ठेवतात ते नकली पदार्थ इथे विकत मिळतात. हवेत अधांतरी काटा आणि त्यावर गुंडाळलेल्या नूडल्स, असले उद्योग. किंमत ऐकून खाली ठेवल्या. सुरी मात्र घेतली. दुकानदाराने कांदा चिरता की मासा, हे खाणाखुणांनी विचारून मगच कपाट उघडलं. (सुरी चेक-इन बॅगेतच टाका, हे सांगायला नकोच.)

दुपारी रामेन. दाराशी मशीन, पैसे टाका, बटण दाबा, तिकीट काउंटरवर ठेवा. सगळे एकेकटे, भिंतीकडे तोंड करून सुर्र सुर्र खाताहेत. शाकाहारी मंडळींनी जपून, भाजीच्या रश्शातही बऱ्याचदा दाशी, म्हणजे सुक्या बोनिटो माशाचं पाणी, असतं. संध्याकाळी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातला खाऊविभाग. बंद व्हायच्या वेळेला कर्मचारी सवलतीचे स्टिकर लावत फिरतो आणि त्याच्यामागे आज्या, अगदी सहज चाललोय असं दाखवत. मीही सामील. अर्ध्या किमतीत सुशी आणि मोचीचा (तांदळाच्या चिकट गोड गोळ्यांचा) डबा.

*

आम्ही सिंगापूरला लेकीकडे जातो. ती ऑफिसला गेली की मी लिटिल इंडियातल्या तेक्का सेंटरला. खाली भाजी-मासळी आणि खाण्याचे ठेले, वर कपडे. कढीपत्ता, शेवगा, सुरमई, सगळं आहे, भाव विचारू नका. कोपी, म्हणजे तिथली कॉफी, मागितली की कंडेन्स्ड मिल्क घालून येते. मला 'कोपी-ओ कोसोंग' म्हणायला नातवाने शिकवलं, म्हणजे काळी, बिनसाखरेची. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर बसायचं नाही, जागा धरलेली असते. आता मीही पर्समध्ये पाकीट ठेवते. एकटीला जागा धरायला दुसरं कोण आहे?

*

मला खरेदी एकट्याने चालते, जेवण नाही. लंडनला चेरिंग क्रॉस रोडवर जुन्या पुस्तकांत सुखाने दिवस घालवला, पण भूक लागल्यावर सँडविच घेऊन बाकावर बसलो. शेवटी युस्टनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर गेलो. तिथली भेळपुरी खाताना शेजारच्या टेबलावरचे गुजराती काका आपणहून बोलायला लागले, तेव्हा कुठे घास उतरला. हसा खुशाल.

*

मॉरिशस, पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार. तिथली ढोलपुरी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच, फक्त पातळ आणि लुसलुशीत. जोडीनेच मिळते, आत घेवड्याची भाजी, टोमॅटोचा रुगाय (तिथला रस्सा), मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून. उभ्यानेच खायची. वर अलूदा: थंड दूध, सब्जा, अगर-अगरचे धागे. १८३४ पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, जिथे उतरले तो आप्रवासी घाट इथून चालत जाण्यासारखा. भाजीवाल्या बाई म्हणाल्या, त्यांचं आजोळ मराठी. भाषा क्रिओल, पण मी मुंबईचा म्हटल्यावर गणेश चतुर्थीला या म्हणाल्या, त्या दिवशी देशभर सुट्टी असते. मग चार मिरच्या फुकट टाकल्या.

*

फुकट मिरच्या! हे लय आवडलं. लंडनवाले, पुढच्या वेळी काउंटरवर बसा, समोर कोणी नसल्याचं जाणवत नाही. बँकॉक आणि दुबईवाले अजून कसे गप्प?