नुसत्या 'जी'वरून कन्कशनचा अंदाज बांधता येत नाही

'हेल्मेटमधल्या सेन्सरने ८० जी (गुरुत्वीय त्वरणाच्या ८० पट त्वरण) दाखवले, म्हणजे कन्कशन (धक्क्याने मेंदूला होणारी इजा) नक्की' असा एक दावा आहे. एवढ्यावरून तसं ठरवता येत नाही.

आधी धक्क्याचा कालावधी बघा. हेड इंजुरी क्रायटेरियन, म्हणजे एचआयसी (डोक्याच्या दुखापतीचा धोका दाखवणारा आकडा), काढताना सरासरी त्वरणाचा (जी मध्ये) २.५ वा घात घेऊन त्याला सेकंदांनी गुणतात. १०० जी १० मिलिसेकंद टिकले तर एचआयसी १०००. ५० जी २० मिलिसेकंद टिकले तर जेमतेम ३५४. वेगातला बदल दोन्हीकडे तेवढाच! हेल्मेटचा फोम नेमकं हेच करतो, थांबायला वेळ देतो.

पण एचआयसीत डोक्याची फिरकी धरलेलीच नाही. तो मुळात कवटीच्या फ्रॅक्चरच्या अभ्यासातून आलेला, गाड्यांच्या चाचण्यांत रुळलेला निकष. मेंदू पाण्यासारखाच जवळपास न दबणारा, पण कातर बलाला (थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या बलाला) अगदी लिबलिबीत. म्हणून डोकं झटक्यात फिरलं की ऊती ताणल्या जातात. भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ मध्येच हे मांडलं होतं. जबड्यावर बाजूने बसलेला ठोसा म्हणूनच घातक: मानेपासून लांब, त्यामुळे फिरकी जास्त.

आता सेन्सर. हेल्मेट डोक्यावर सरकतं, त्यामुळे आकडा बऱ्याचदा हेल्मेटचा असतो, कवटीचा नव्हे. वरच्या दातांवर घट्ट बसणारा सेन्सरवाला माउथगार्ड बरा. मात्र तो सैल असेल किंवा खालचा जबडा त्यावर आपटला, तर खोटी शिखरं येतात. शिवाय जायरोच्या (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) कोनीय वेगावरून कोनीय त्वरण काढताना आकड्यांतला गोंगाट (नको असलेले चढउतार) वाढतो, म्हणून तो गाळायला कोणता फिल्टर लावला ते न सांगता दिलेल्या आकड्यांची तुलना करू नये.