स्टेनलेस रिव्हॉल्वर: फिक्स्ड साइट घ्यावी की अ‍ॅडजस्टेबल?

चार_इंची विचारतो:

स्मिथ अँड वेसनच्या जुन्या के-फ्रेम (मध्यम आकाराच्या सांगाड्याच्या) स्टेनलेस जोड्यांमधून एक निवडायची आहे. .३८ स्पेशलमध्ये मॉडेल ६४ आणि ६७, .३५७ मॅग्नममध्ये ६५ आणि ६६. जोडीतल्या दोघांची फ्रेम, सहा घरांचं सिलिंडर आणि चापाची यंत्रणा सारखीच. ६४ आणि ६५ ला फ्रेमच्या वरच्या पट्टीत कोरलेली खाच आणि नळीवर पक्की माशी (पुढची साइट) असते, ६७ आणि ६६ ला स्क्रूने सरकणारी रिअर (मागची) साइट.

वापर २५ मीटरवर कागदी टार्गेटसाठी, अधूनमधून ७ आणि १० मीटर. काडतुसं बहुतेक १५८ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी, कधी १४८ ग्रेन वॉडकटर (सपाट तोंडाची टार्गेटची गोळी), कधी १२५ ग्रेन.

फिक्स्ड साइटवर गोळी नेमाच्या जागी लागत नसेल तर काही करता येतं का? अ‍ॅडजस्टेबल साइट धक्क्याने ढिली पडते असं ऐकतो, ते कितपत खरं? आणि हत्यार स्टेनलेसचं आहे म्हणून या निवडीत काही फरक पडतो का?

---

जुनी_माशी यांचं उत्तर:

तुमच्या तीन काडतुसांकडे बघून सांगतो: ६७ किंवा ६६ घ्या. फिक्स्ड साइट वाईट असते म्हणून हे सांगत नाही. ती एका वेळी एकाच काडतुसाशी जुळते आणि तुमच्याकडे तीन आहेत.

रिव्हॉल्वर बाजूने धरून पाहा. माशी मागच्या खाचेपेक्षा बरीच उंच दिसते, म्हणजे दोन्ही एका रेषेत आणल्या की नळी थोडी खाली झुकलेली असते. हे मुद्दाम केलेलं असतं. गोळी अजून नळीत असतानाच धक्का सुरू होतो आणि नळीचं तोंड वर उचललं जातं. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर तोंड जास्त उचललेलं असतं, म्हणून ती टार्गेटवर वर लागते. हलकी, वेगवान गोळी लवकर निसटते आणि खाली लागते. रायफलची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, पण हाताच्या हत्याराच्या अंतरांवर असंच घडतं.

.३८ आणि .३५७ च्या फिक्स्ड साइट साधारणपणे १५८ ग्रेनच्या गोळीसाठी जुळवलेल्या असतात. तेच काडतूस कायम वापरणाऱ्याला बहुधा काहीच करावं लागत नाही. १२५ ग्रेन भरलं की २५ मीटरवर ग्रुप, म्हणजे लागलेल्या गोळ्यांचा पुंजका, खाली सरकतो आणि ५ सेंमीचा फरक सहज पडतो. तोच फरक ७ मीटरवर १४ मिमी. म्हणून जवळच्या अंतरावर फिक्स्ड साइटबद्दल कोणी फारशी तक्रार करत नाही, आणि २५ मीटरवर तीच माणसं कुरकुरतात.

६५ आणि ६६ मध्ये अजून एक फरक आहे. ४ इंची ६६ च्या नळीखाली एजेक्टर रॉडला (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीला) आच्छादन असतं, ४ इंची ६५ ला नसतं. त्यामुळे ६६ तोंडाकडे जरा जड लागतं. टार्गेटसाठी हा फायदाच.

---

कानस_कॅलिपर यांचं उत्तर:

वरचं सगळं मान्य, पण फिक्स्ड साइट जुळवता येत नाही असा समज कोणी करून घेऊ नये. ती एकदा आणि एकाच दिशेने जुळवता येते. माशी कमी केली की गोळी वर लागते. खाली मारणारं फिक्स्ड हत्यार म्हणूनच सोपं. वर मारणाऱ्यात माशी वाढवावी लागते, म्हणजे वेल्डिंग किंवा नवी पाती. पाती पिनने बसवलेली असेल तर बदलता येते, नळीतूनच कोरलेली असेल तर ते मोठं काम.

किती घासायचं ते आधी मोजा:

माशीच्या उंचीतला बदल = साइटमधलं अंतर × टार्गेटवरची चूक ÷ टार्गेटचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये.

४ इंची नळीला खाच ते माशी अंतर १५० मिमी धरा. २५ मीटरवर ग्रुप ५० मिमी खाली लागत असेल तर १५० × ५० ÷ २५००० = ०.३ मिमी. एवढंसंच. आखूड नळीवर तर आणखी जपून: साइटमधलं अंतर ९० मिमी असेल तर तेच ०.३ मिमी घासल्यावर गोळी ८३ मिमी वर सरकते.

पद्धत अशी. जे काडतूस कायम वापरायचं ठरलं आहे त्याचेच पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप मारा. मनगटं टेकवा, पण नळी किंवा फ्रेम कशावरही टेकू देऊ नका. कडक आधारावर टेकलेली नळी उसळते आणि सगळा ग्रुप वर जातो. तीन ग्रुपच्या मध्यांची सरासरी काढा. मग हत्यार रिकामं करा, सहाही घरं डोळ्याने आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि माशीच्या आजूबाजूला दोन थर चिकटपट्टी लावा. नळीच्या तळापासून माशीच्या टोकापर्यंत कॅलिपरने उंची मोजून लिहून ठेवा. आलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशच घासा, परत रेंजवर जा, उरलेलं त्यानंतर.

बारीक सपाट कानस घ्या, जिच्या कडेला दात नसतात अशी. स्टेनलेसचा कीस दातांत अडकतो आणि मग पृष्ठभागावर खोल ओरखडे उठतात, म्हणून कानशीवर आधी खडू घासा आणि दर थोड्या घासण्यांनी ब्रशने साफ करा. दाब एकसारखा आणि फक्त पुढे ढकलताना. बोथट कानशीने नुसतं घासत राहिलात तर स्टेनलेस वरच्यावर कडक होत जातं आणि मग चांगली कानसही घसरते.

माशीची मागची, डोळ्याकडची वरची कड चौकोनी आणि धारदार राहिली पाहिजे, कारण नेम धरताना तीच दिसते. वरचा पृष्ठभाग तिथून पुढच्या बाजूला किंचित उतरता ठेवा. उलटा उतार झाला तर वरचा प्रकाश थेट डोळ्यात येतो आणि माशीचं टोक कुठे संपतं ते कळत नाही.

स्टेनलेसने फरक पडतो तो इथे. काळ्या, ब्लूइंग केलेल्या हत्यारावर घासलं की उघडं पोलाद दिसतं आणि तेवढा भाग पुन्हा काळा करावा लागतो, नाहीतर गंज धरतो. स्टेनलेसवर बारीक पॉलिश पेपर फिरवला की काम झालं. फिक्स्ड साइट घासून जुळवायची असेल तर स्टेनलेसइतकं सोयीचं हत्यार नाही.

---

चार_इंची:

उंचीचं कळलं. पण गोळी डावीकडे किंवा उजवीकडे जात असेल तर? फिक्स्ड खाच तर बाजूला सरकत नाही.

---

कानस_कॅलिपर:

आधी दुसऱ्या चांगल्या नेमबाजाकडून तेच हत्यार, तेच काडतूस मारून घ्या. उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी डावीकडे जाण्यामागे बऱ्याचदा चापावरचं बोट किंवा पकड असते. दोघांचेही ग्रुप एकाच बाजूला गेले तरच हत्याराकडे वळा.

थोडी चूक असेल तर खाच एका बाजूने रुंद करता येते. गोळी उजवीकडे न्यायची असेल तर खाचेची उजवी बाजू घासा. पण खाच ०.२ मिमी रुंद केली की तिचा मध्य फक्त ०.१ मिमी सरकतो, म्हणजे १५० मिमीच्या साइट अंतरावर २५ मीटरला जेमतेम १७ मिमी. ५० मिमीची चूक काढायला खाच ०.६ मिमी रुंद करावी लागेल, आणि मग माशीच्या दोन्ही बाजूंना इतका उजेड दिसतो की नेमच सैल होतो. म्हणून हा उपाय २० मिमीपर्यंतच्या चुकीसाठी धरा.

त्यापुढे नळी फिरवणं. स्मिथच्या नळीचा आटा उजवा असतो. नळी आणखी घट्ट केली की माशी नेमबाजाच्या डावीकडे झुकते आणि गोळी उजवीकडे जाते. सैल केली की उलट. नळीच्या मध्यापासून माशीचं टोक १७ मिमी वर असेल तर ०.३ मिमीसाठी साधारण १ अंश फिरवावी लागते. हे घरी करायचं काम नाही. नळीला मापाचे शिकंजे आणि फ्रेमला आकारात बसणारा पाना नसेल तर फ्रेम पिळवटते, आणि वाकलेली फ्रेम सरळ होत नाही. फ्रेममधून नळीच्या आट्यावरच्या खाचेतून आडवी गेलेली पिन असलेली जुनी मॉडेल्स असतील तर पिन आधी काढावी लागते. परवानाधारक गनस्मिथलाच द्या आणि परत घेताना नळी-सिलिंडरमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्या. ०.१५ मिमीच्या आसपास असेल तर ठीक.

---

क्लिक_मोजा यांचं उत्तर:

अ‍ॅडजस्टेबल ढिली पडते का? पडते, पण जिथे लोक शोधतात तिथे नाही. स्मिथच्या रिअर साइटला पुढे एक लांब पट्टी असते, ती फ्रेमवर एका लहान स्क्रूने बसते. मॅग्नमच्या धक्क्याने हाच स्क्रू सैल होतो आणि मग दर पाच गोळ्यांना ग्रुप वरखाली हिंडतो. लोक मात्र क्लिक (साइट सरकवणाऱ्या स्क्रूचे टप्पे) फिरवत बसतात. स्क्रू काढा, आटे अ‍ॅसिटोनने पुसा, कमी ताकदीचं जांभळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब लावा, परत बसवा. उंची आणि बाजूच्या स्क्रूंना मात्र थ्रेडलॉकर कधीही लावू नका, क्लिक मरतात.

बाजूचा, म्हणजे विंडेजचा स्क्रू फार बारीक आहे आणि त्याचं टोक ठोकून पक्कं केलेलं असतं. शेवटाला लागल्यावर जोर दिला की तो तुटतो आणि दुरुस्तीला पातं, स्क्रू, नट असा संच बदलावा लागतो. खाचेत पूर्ण बसणारा, दोन्ही बाजूंनी समांतर टोकाचा स्क्रूड्रायव्हरच वापरा. पाचरीसारखं टोक वर चढतं आणि खाचेच्या कडा फाडतं.

जुळवताना एकच गोष्ट लक्षात ठेवा: गोळी जिकडे न्यायची तिकडे रिअर साइट न्यायची. उंचीचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने आत गेला की साइट खाली बसते आणि गोळी खाली लागते. स्क्रूमध्ये थोडा ढिलेपणा असतोच, म्हणून शेवटचे दोन क्लिक नेहमी एकाच दिशेने संपवा. पुढे गेलात तर चार क्लिक मागे येऊन परत दोन पुढे जा. एक क्लिक किती सरकवतो हे स्वतः काढा: पाच गोळ्यांचा ग्रुप, आठ क्लिक, परत पाच गोळ्या, दोन ग्रुपमधलं अंतर भागिले आठ. मग वहीत प्रत्येक काडतुसासाठी आकडा लिहा. मोजणी १५८ ग्रेनपासून सुरू करा, म्हणजे १४८ वॉडकटरला किती क्लिक आणि १२५ ला किती हे नुसतं बघून फिरवता येतं. नुसत्या "जरा वर" अशा आठवणीवर अ‍ॅडजस्टेबल साइट चालवली तर तिचा अर्धा उपयोग वाया जातो.

रुगर कंपनीच्या जीपी१०० रिव्हॉल्वरची रिअर साइट वेगळी आहे. ती आडव्या पिनवर झुलते आणि खाली लहान स्प्रिंगा असतात. पिन काढताना वर बोट ठेवा, नाहीतर स्प्रिंग उडून जाते. तिच्या अ‍ॅडजस्टेबल मॉडेलची माशी पुढच्या प्लंजरवर असते, ती दाबली की पाती निघते आणि उंच किंवा रंगीत पाती बसवता येते. ही सोय टार्गेटवाल्यांनी विचारात घ्यावी.

एक मोठा गैरसमज दूर करतो: स्टेनलेस हत्याराची अ‍ॅडजस्टेबल रिअर साइट बहुधा स्टेनलेस नसते, काळ्या केलेल्या साध्या पोलादाची असते. सुरुवातीच्या मॉडेल ६६ ना स्टेनलेसची रिअर साइट होती, पण उन्हात चमकते म्हणून पुढे काळी आली. घामाचे हात लागून गंज पहिल्यांदा तिथे, पट्टीच्या खाली धरतो, आणि वरून काहीच दिसत नाही. वर्षातून एकदा पट्टी काढा, खाली तेलाचा पातळ थर द्या.

---

जुनी_माशी:

चमकेबद्दल थोडं, कारण स्टेनलेसचा खरा त्रास तोच आहे. ६४ ची माशी नळीच्याच धातूची, राखाडी. टार्गेटचा काळा गोल असेल आणि ऊन एका बाजूने येत असेल तर माशीची उजळलेली बाजूच माशी वाटते आणि ग्रुप उजेडाच्या उलट बाजूला सरकतो. डोळा उजळलेली कड खाचेच्या मध्यावर आणतो, म्हणून ऊन डावीकडून असेल तर नळी उजवीकडे जाते. साइट सरकवण्याआधी हे तपासा, नाहीतर सकाळी केलेली दुरुस्ती दुपारी चुकते.

कापूर जाळून त्याची काजळी माशीवर आणि खाचेवर धरा. हत्यार रिकामं, लाकडी मुठी आणि तेल ज्योतीपासून लांब. मखमलीसारखा काळा थर बसतो, बोट लागलं की पुसला जातो, एका दिवसाच्या नेमबाजीला पुरतो. टिकाऊ हवं असेल तर अ‍ॅसिटोनने पुसून मॅट काळ्या रंगाचा पातळ थर. काळ्या पोलादासाठी मिळणारं कोल्ड ब्लू स्टेनलेसवर नीट चढत नाही, त्यावर पैसे घालवू नका. घासलेल्या माशीवरच्या आडव्या रेघा गेल्या असतील तर त्या पुन्हा कापून घ्या. नुसता रंग दिलात तरी गुळगुळीत उतार चमकतोच.

जुनं ६४ किंवा ६५ बघायला गेलात तर कॅलिपर सोबत न्या. माशीचं टोक गुळगुळीत, रेघा वरच्या बाजूला संपलेल्या दिसल्या तर कोणीतरी आधीच घासलेली आहे, आणि ती कुठल्या काडतुसासाठी घासली हे विकणाऱ्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर तुमच्या १५८ ग्रेनवर पाच गोळ्या मारल्याशिवाय घेऊ नका. ६७ किंवा ६६ बघताना रिअर साइट दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. पात्यात खडखड लागली तर विंडेजचा स्क्रू गेलेला असतो.