मदत हवी आहे: विधान परिषद मुलांना कशी समजावू?

नमस्कार मंडळी. संध्याकाळी सोसायटीतली नववी-दहावीची सात-आठ मुलं माझ्याकडे नागरिकशास्त्राला बसतात. विधानसभा त्यांना पटकन कळली. 288 आमदार, बहुमताला 145, फळ्यावर बेरीज-वजाबाकी करून सरकारं पाडायलाही शिकली कार्टी!

गाडी अडली विधान परिषदेवर. 78 जागांचं गणित फळ्यावर मांडलं: आमदारांकडून 30, स्थानिक स्वराज्य संस्थांकडून 22, पदवीधर 7, शिक्षक 7 आणि राज्यपालनियुक्त 12. मग म्हटलं, धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक) परिषद फार तर 14 दिवस ठेवू शकते. तर एक मुलगी फाडकन म्हणाली, "काकू, अडवता येत नाही तर ती हवीच कशाला? माझ्या मामाच्या गोव्यात नाहीये, तिथे काही अडतं का?" गोव्यात खरंच 40 आमदारांचं एकच सभागृह आहे. मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली.

"ज्येष्ठांचं सभागृह, घाईच्या कायद्यांना लगाम" हे पुस्तकी उत्तर मलाच पचत नाही, त्यांना काय पचणार? परिषदेमुळे एखादं विधेयक खरंच सुधारलं, असं ठोस उदाहरण कुणाला माहीत आहे का? आणि पदवीधर मतदारसंघात कुणी मतदान केलं असेल, तर तो जांभळा पेन, नावापुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम, मग मतमोजणी, हे वर्गात खेळून कसं दाखवावं? चिठ्ठ्या मी करते, कोटा (जिंकायला लागणारी मतं) काढताना माझीच दांडी उडते.