खनिजाचा पैसा लोकलेखा समितीपुढे यायला हवा की नको?

आडवाट
जिल्हा खनिज प्रतिष्ठान हे नाव खाणपट्ट्याबाहेर फारसं कुणाच्या कानावर नसतं. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणवाल्यांनी रॉयल्टीशिवाय (खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम) आणखी एक रक्कम या जिल्हा न्यासात भरायची असं ठरलं. लिलावात मिळालेल्या खाणींना रॉयल्टीच्या १० टक्के, जुन्या पट्ट्यांना ३० टक्के. ज्यांच्या शिवारात धूळ बसली, ज्यांचं पाणी गेलं, त्यांच्यावर हा पैसा खर्च व्हावा हा हेतू. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पैशाच्या वाटेबद्दल. एरवी सरकारचा खर्च एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून होतो. त्यावर विधानसभेत मतदान होतं, पुढे कॅग (देशाचा महालेखापरीक्षक) हिशेब तपासतो, अहवाल सभागृहात येतो आणि आमदारांची लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना समोर बसवून जाब विचारते. खनिज निधी मात्र एकत्रित निधीत येतच नाही. जिल्ह्यात जमा, जिल्ह्यात मंजूर, जिल्ह्यातच खर्च. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ही काही चिल्लर नव्हे.

माझं म्हणणं: लोकलेखा समितीची खनिज निधीपुरती कायमची उपसमिती हवी. तिने दरवर्षी काही जिल्हे निवडावेत, जिल्हाधिकाऱ्यांची साक्ष घ्यावी, आणि तीही उघड.

वरवंटा
समित्यांवर एवढा विश्वास? मे २०२५, धुळे. विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर आणि सरकारी विश्रामगृहाच्या खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाखांची रोकड. कोण दोषी ते तपासात ठरेल, पण समिती येणार म्हटलं की जिल्ह्यातल्या कार्यालयांत काय धावपळ सुरू होते ते सरकारी नोकरीतल्या कुणालाही विचारा. कुंपणालाच शेताची राखण सांगताय. तुमची उपसमिती म्हणजे आणखी एक दौरा, आणखी एक जेवणावळ.

आडवाट
म्हणूनच साक्ष उघड हवी म्हटलं. दौरा नकोच. मुंबईत बोलवा, कागद घेऊन या म्हणा.

दुर्बीण
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. नैसर्गिक संपत्ती कुणाला, कशी द्यायची हे धोरण आहे आणि धोरण ठरवणं सरकारचं काम. २०१२ मध्ये कॅगने कोळसा खाणवाटपात खासगी कंपन्यांना झालेल्या फायद्याचा १.८६ लाख कोटींचा आकडा काढला, देशभर गदारोळ झाला. शेवटी निकाल कुणी लावला? सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ मध्ये २१८ पैकी २१४ वाटपं रद्द झाली ती न्यायालयात, समितीत नाही. त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या विचारणेवर हेही सांगितलं होतं की लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नाही.

समितीची तऱ्हा बघायची तर टूजी दूरसंचार परवान्यांचं प्रकरण आठवा. २०११ मध्ये मुरली मनोहर जोशी संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या अहवालाचा मसुदा समितीतल्याच बहुसंख्य सदस्यांनी फेटाळला, तरी तो लोकसभा अध्यक्षांकडे गेला आणि तिथून परत आला. विषय तापला की समिती पक्षांच्या रेषेवर फाटते. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याची प्रथा आहे, पण मतं मोजली की बहुमत सरकारचंच.

आडवाट
तुम्ही धोरणावर बोलताय, मी हिशेबावर. खाण कुणाला दिली हे मी विचारतच नाही. धूळग्रस्त गावाच्या नावाने आलेल्या पैशातून तालुक्याच्या गावी सुशोभीकरण का झालं, एवढंच विचारतोय. उत्तराखंडात वनीकरणाच्या कॅम्पा निधीतून आयफोन, लॅपटॉप, फ्रीज घेतले गेले. हे बाहेर आलं ते २०२५ मध्ये विधानसभेत मांडल्या गेलेल्या कॅगच्या अहवालातून. वळवलेली रक्कम १३.८६ कोटी, म्हणजे तुमच्या लाख कोटींपुढे काहीच नाही. पण समितीला पकडता येतात त्या गोष्टी नेमक्या याच मापाच्या असतात. आणि अशा प्रश्नावर पक्ष सहसा आडवा येत नाही.

जमाखर्च
माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात झाली, त्यामुळे राहवत नाही. साक्ष कशी चालते ते सांगतो. एका बाजूला समिती, शेजारी महालेखापालांची, म्हणजे कॅगच्या राज्यातल्या कार्यालयाची माणसं. समोर सचिव, त्यांच्या मागे उपसचिव आणि कक्ष अधिकारी मांडीवर फायली घेऊन. सदस्याने प्रश्न विचारला की मागून चिठ्ठी पुढे सरकते. चिठ्ठीत उत्तर नसलं की सचिव म्हणतात, "माहिती घेऊन समितीला सादर करतो." परिच्छेद, म्हणजे कॅगच्या अहवालातला आक्षेप, असतो पाच-सहा वर्षांपूर्वीचा. ज्यांनी सही केली ते साहेब आता तिसऱ्याच खात्यात, नाहीतर निवृत्त. समोर बसलेल्याला खरोखरच काही माहीत नसतं.

तरीही या प्रकाराला मी टाकाऊ म्हणणार नाही. उद्या समितीपुढे उभं राहावं लागेल या धाकाने खालचा माणूस नस्तीवर दोन ओळी जास्त लिहितो. बऱ्याचदा त्या दोन ओळींवरच पुढे सगळं उलगडतं.

मुरूम
आमचा जिल्हा खाणींचाच. नाव घेत नाही. मूळ प्रश्न कुणी काढलाच नाही: न्यासाच्या नियामक परिषदेत कोण बसतं? २०२१ मध्ये केंद्राने आदेश काढून जिल्ह्यातल्या खासदार-आमदारांना सदस्य करायला लावलं. म्हणजे जो आमदार परिषदेत कामं मंजूर करणार तोच मुंबईत उपसमितीत बसून तपासणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणत नाही, सगळे चोर नसतात. पण आपल्याच सहीच्या कामावर कोण बोट ठेवेल?

आणि न्यासाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवायचा, संकेतस्थळावर टाकायचा, अशी तरतूद आहेच. ठेवतात म्हणजे पटलावर ठेवतात. तिथून पुढे तो वाचतो कोण?

आडवाट
हा मुद्दा बिनतोड. त्या जिल्ह्याच्या सदस्याने त्या बैठकीतून बाहेर थांबायचं, असा नियम करता येईल.

वरवंटा
करता येईल, पाळणार कोण? केरळ विधानसभेतल्या विषय समित्यांचं कौतुक ऐकून मीही वाचायला गेलो. अनुदानाच्या मागण्या मतदानाआधी तपासतात, छान. अध्यक्ष कोण? त्याच खात्याचे मंत्री! असे नियम आपल्याकडे आयते तयार होतात.

दुर्बीण
हाहा. एकदा तरी वरवंट्याशी सहमत.

पण एक मान्य करतो. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला: रॉयल्टी हा कर नाही आणि खनिजांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. राज्यांनी तो कर लावला तर पैसा एकत्रित निधीत येईल, त्यावर मतदान होईल. मग एकाच खाणीतला एक रुपया समितीला दिसणार आणि दुसरा दिसणार नाही, हे विचित्रच. तरी माझं मत उपसमितीच्या बाजूने नाही. ग्रामसभेला हिशेब द्या, तो जास्त जवळचा.

मुरूम
ग्रामसभेत जिल्हाधिकारी येतात का हो?

जमाखर्च
ग्रामसभा की उपसमिती, हे नंतर ठरवा. आज न्यासाचा लेखापरीक्षक न्यासच नेमतो, नाहीतर राज्य सांगेल तो. कॅगने काही राज्यांत तपासणी केली आहे, पण ती दरवर्षी, प्रत्येक जिल्ह्याची होत नाही. समिती चालते परिच्छेदावर. परिच्छेदच आला नाही तर उपसमितीचे सदस्य वर्तमानपत्रांची कात्रणं घेऊन बसतील आणि जिल्हाधिकारी तासाभरात मोकळे होतील. आधी वार्षिक लेखापरीक्षण कॅगकडे द्या. त्यासाठी न्यासाचे नियम बदलावे लागतील, आणि ते नियम राज्य सरकार करतं.

वरवंटा
म्हणजे परत मंत्र्यांकडेच. शुभेच्छा.