[मंडळ-गप्पा] गावातला जुना फ्रीज कोठ्यात ठेवू द्यावा का?

प्रेषक: आर्वीची लेक, टोरांटो

नमस्कार मंडळी,

यंदा आईबाबांना नवीन फ्रीज घेऊन दिला. आर्वीहून छोट्या हत्तीवर गावात आला, सपरीत उतरला, आईनं हळदीकुंकू लावलं, इथवर सगळं झकास. प्रश्न जुन्याचा आहे. १९९४ चा एकदारी फ्रीज, अजून थंड करतो, फक्त कुरकुर फार. दुकानदारानं एक्स्चेंजमध्ये जो आकडा सांगितला तो ऐकून बाबांनी विषयच बंद केला.

आता त्यांचा बेत असा: फ्रीज कोठ्यात न्यायचा, वायर कापायची, आतल्या जाळ्या काढायच्या आणि कपाशीच्या फवारणीची औषधं त्यात ठेवायची. "कुलूप हाय ना त्याले, लेकराचा हात नाई लागत," हे त्यांचं म्हणणं. फोनवर मला ते पटलंही. पण उन्हाळ्यात दादाची मुलं गावी जातात आणि भर दुपारी त्यांचा मुक्काम कोठ्यातच असतो. कुणाला यातलं कळतं का? नवीन फ्रीजचंही काही सांभाळायचं असेल तर सांगा. आईचं इन्सुलिन त्यातच राहणार आहे.

*

प्रेषक: पुसदचा भाऊ, ह्यूस्टन

ताई, दारासकट तर मुळीच नेऊ देऊ नका. माझं पोट फ्रीजच्याच धंद्यावर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

जाळ्या काढलेला रिकामा फ्रीज म्हणजे सात-आठ वर्षांच्या पोराला रेसटीप खेळताना लपायला नेमकी जागा. दाराचं रबर हवा आत येऊ देत नाही, आणि भिंतीतल्या फोममुळे आतली हाक बाहेर नीट ऐकू येत नाही. इथे अमेरिकेत बाहेरून खटका पडणाऱ्या फ्रीजमध्ये मुलं गुदमरण्याचे प्रकार इतके झाले की १९५६ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. १९५८ च्या ऑक्टोबरअखेरीनंतर बनलेल्या घरगुती फ्रीजचं दार आतून ढकललं की उघडलंच पाहिजे, असा तो नियम. चुंबकाचं रबर त्यानंतर रुळलं. आपल्याकडे चुंबक आहे, पण वर कुलूपही आहे. कुणी सहज किल्ली फिरवली की चुंबकाचा उपयोग संपला.

तेव्हा फ्रीज सपरीत असतानाच दार उतरवायला सांगा. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढायचे, दार थोडं तिरपं करून वर उचलायचं, खालच्या खिळीवरून ते सुटतं. फ्रीजरचं आतलं झाकणही काढा. एका माणसाचं काम आहे, पण दार जड असतं, बाबांना एकट्याला करू देऊ नका, सालदाराला हाताशी घ्या.

आता भंगार. १९९४ चा म्हणजे त्यात थंड करायला आर-१२ वायू असणार, ओझोनचा थर खाणारा. भारतात त्याचा वापर २०१० पर्यंत बंद झाला, पण जुन्या फ्रीजच्या नळ्यांत तो अजून कोंडलेला आहे. शंभर ग्रॅम आर-१२ हवेत सुटला तर तापमानवाढीच्या हिशेबानं तो साधारण एक टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. फेरीवाला भंगारवाला काय करतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: छिन्नीनं नळी तोडतो, फुस्स आवाज होतो, कॉम्प्रेसर हातगाडीवर, तेल मातीत, आणि उरलेला फोम गावाबाहेर पेटवून देतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तर असतोच, हायड्रोजन सायनाइडही असतो. म्हणून त्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांत जुन्या मालाची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. ज्या कंपनीचा नवीन फ्रीज घेतला तिच्या ग्राहक-सेवेला फोन करा. नाहीतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलर बघा. एक्स्चेंजचे पैसे कमी मिळतात हे खरं. पण दुकानदार तोच फ्रीज पुढच्या गावात दुसऱ्या कोठ्यात विकणार नाही ना, हे आधी विचारा.

नवीन फ्रीजवर मागे कॉम्प्रेसरजवळ एक स्टिकर असतो. त्यावर बहुधा आर-६००ए लिहिलेलं दिसेल. हा आयसोब्युटेन, म्हणजे सिलिंडरातल्या गॅसचाच भाऊबंद, जळणारा. प्रमाण अगदी थोडं, घरगुती फ्रीजमध्ये साधारण मूठभर ग्रॅम, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. फक्त सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो तसा याला नसतो. बर्फ साचला की सुरीनं टोकरायची जी सवय आहे ती आईला सोडायला सांगा. फ्रीजरच्या त्या पातळ पत्र्यातूनच वायू फिरतो, सुरीचं टोक घुसलं की फ्रीज कामातून गेला. बटण दाबून बर्फ वितळू द्यावा. आणि दुरुस्तीला येणारा कारागीर स्टिकर न वाचताच नळी झाळायची गॅसची टॉर्च पेटवायला लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

अर्थिंगचं राहिलंच. हँडलला ओला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती गंमत नव्हे. आपल्याकडे तीन पिनांचं सॉकेट असतं, पण बऱ्याचदा तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. गावातल्या वायरमनकडून अंगणात अर्थिंगचा खड्डा करून घ्या आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-विद्युत ट्रिपर (आरसीसीबी), म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा, बसवा. फ्रीजच्या मानानं खर्च किरकोळ आहे.

*

प्रेषक: वणीवाला, दुबई

भाऊनं तर पूर्ण पोथीच वाचून टाकली! दोन गोष्टी माझ्याकडून.

नवीन फ्रीज टिनाच्या सपरीत ठेवू नका. स्टिकरवर 'टी' असं अक्षर असेल तर तो ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा त्याच्या वर जातो, टिनाखालचं तर विचारूच नका. मातीच्या भिंतीच्या मधल्या खोलीत ठेवा, आणि मागे वीतभर जागा सोडा. लाइन गेली-आली, गेली-आली असा खेळ चालू असतो, तेव्हा फ्रीज साधा असेल तर थांबून सुरू होणारा स्टॅबिलायझर लावा. कॉम्प्रेसरला दोन झटक्यांमध्ये तीन-चार मिनिटं हवी असतात.

दुसरं, जुना फ्रीज टाकायचा कशाला? दार काढून आडवा पाडा, माती भरा, मेथी-सांबार लावा. आमच्या काकांच्या शेतात असाच एक आहे, लय भारी कोथिंबीर येते.

*

प्रेषक: पुसदचा भाऊ, ह्यूस्टन

काकांना नमस्कार, पण त्या सांबाराखाली नळ्या गंजून राहिल्या आहेत. आज नाही तर उद्या वायू सुटणारच. आधी वायू काढून घेतलेला असेल तर खुशाल पेरा.

*

प्रेषक: यवतमाळची डॉक्टर, लेस्टर

फवारणीच्या औषधांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कुलूपबंद ठेवायची हा तुमच्या बाबांचा विचार बरोबर आहे, वस्तू चुकीची आहे. फ्रीज दिसला की लेकराच्या डोक्यात थंड पाणी, सरबत, बर्फ. पाहुणा आला तर तोही उघडून बघणार. त्यात हवाबंद डब्यात वाफ साचते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना जी माणसं दगावली ती साठवणीमुळे नव्हती हे मला माहीत आहे, पण या औषधांशी सलगी नको, एवढं त्यातून समजायला हवं. लोखंडी पेटी घ्या, बाजूंना भोकं असलेली, कुलूप लावा, घरापासून, चाऱ्यापासून आणि विहिरीपासून लांब ठेवा. औषध मूळ बाटलीतच राहू द्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतलेलं औषध हा मी पाहिलेला सगळ्यात वाईट प्रकार आहे.

इन्सुलिन: न उघडलेलं २ ते ८ अंशांत. मधल्या जाळीवर, डब्यात. दारात नको, कारण तिथलं तापमान वरखाली होतं, आणि फ्रीजरच्या पत्र्याला टेकून तर नकोच. एकदा गोठलं की फेकून द्यायचं, वितळल्यावर दिसायला चांगलं असलं तरी. वापरात असलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ते बेताच्या तापमानात. वैशाखातली आपली खोली त्यात बसत नाही, म्हणून तेही आतच राहू द्या. लाइन गेली तर फ्रीज उघडू नका. बंद दारानं चारेक तास गारवा टिकतो. त्याहून लांबली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं अजूनही उत्तम.

आणि हो, फ्रीजच्या मागे खाली पाण्याचा ट्रे असेल, तो आठवड्यातून एकदा रिकामा करून पुसायचा. डेंग्यूचा डास तिथे मजेत वाढतो. आशाताई घरी आल्या की कुलर बघतात, त्यांना हा ट्रेही दाखवा.

*

प्रेषक: आर्वीची लेक, टोरांटो

मंडळी, तुमच्या मेल बाबांना फोनवर वाचून दाखवल्या. रेसटीपचं ऐकल्यावर त्यांनी एक शब्द काढला नाही, सालदाराला हाक मारली आणि दार उतरवलं. औषधांसाठी धान्याची जुनी कोठी निघाली होती, तिला मी नाही म्हटलं. आता वर्ध्याहून पेटी येईल. नवीन फ्रीज मधल्या खोलीत गेला, वायरमन सोमवारी येतो म्हणाला आहे, बघू कोणत्या सोमवारी.

जुना न्यायला कंपनीचा माणूस तयार आहे. पण दार द्यायला बाबा तयार नाहीत. "सपाट हाय, गच्चीवर मिरच्या वाळवाले कामी येते, त्यात कोणता गॅस भरून राहिला?" आता यावर काय सांगू?

*

प्रेषक: पुसदचा भाऊ, ह्यूस्टन

त्यांना सांगा, नळीतला वायू दारात नाही हे खरं, पण दाराच्या आतला फोम आहे. १९९४ चा फोम फुगवायला आर-११ वापरायचे, तोही ओझोन खाणाराच, आणि तो फोमच्या बुडबुड्यांत अजून आहे. उन्हात पत्रा सुटला, फोम चुरला की तो निघतो. शिवाय दार नसेल तर कंपनीवाला वजनात पैसे कापेल, हे आधी सांगा, लवकर पटेल. मिरच्यांना बाज आहेच. नेताना पावती घ्या, तिच्यावर फ्रीजचा नंबर आणि 'दारासह' असं लिहून घ्या.