घरी गुणी, बाहेर बुजरं: चूक घोड्याची की आपली?

नाशिकची_स्वार
मागच्या महिन्यात घोडी घेऊन पुण्याला शो जंपिंगला गेले होते. टेम्पोत सहा तास. घरच्या मैदानात मीटरभर उंचीचे अडथळे सहज मारते, आणि तिथं 80 सेंटीमीटरच्या दुसऱ्याच अडथळ्यापुढं चारी पाय रोवले, वळवून परत आणली तर पुन्हा तेच, दोनदा अडली म्हणजे बाद. सगळे म्हणाले घोडी नाटकी आहे, चाबूक दाखव. मला ते अजिबात पटलेलं नाही. घोडी तीच होती, मी बदलले होते. हात घट्ट, मांड्या आवळलेल्या, श्वास रोखलेला. स्वीडनमधे 2009 साली एक प्रयोग झाला, त्यात स्वारांना सांगितलं की पुढच्या फेरीत घोड्यासमोर छत्री उघडणार. उघडलीच नाही, तरी माणसांचे आणि घोड्यांचेही हृदयाचे ठोके वाढले. म्हणून बाहेर घोडं बिघडलं की आधी स्वारानं स्वतःकडं बघावं, हे माझं ठाम मत.

पागेवरचा
ताई, सगळं स्वतःवर ओढून घेऊ नका. घोडं कळपातलं जनावर, त्याचा बचाव एकच, पळणं. सोबतचं घोडं मागं राहिलं, जागा नवी, माती नवी, पाण्याचा वास वेगळा. आमच्याकडचा एक घोडा बाहेरगावी पाण्याला तोंडच लावायचा नाही, मग घरून कॅन भरून न्यायला लागलो. आणि एक सांगा, स्पर्धेआधी तुम्ही कोर्स पायी फिरून बघता ना? घोड्याला ते अडथळे आधी दाखवता येत नाहीत, नियमच आहे. तो आत शिरतो तेव्हाच सगळं पहिल्यांदा बघतो. तुम्ही कितीही शांत बसा, अनोळखी जागा ती अनोळखीच.

तापीकाठचा
मला दोघांचंही अर्धंच पटतंय. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला या, नंदुरबार जिल्ह्यात. बँड, पाळणे, लाऊडस्पीकर, माणसांचा पूर, आणि त्यात घोडी तिच्या शिंगरासकट उभी असते. ते शिंगरू पुढच्या वर्षी कशाला बुजेल? तुमची घोडी घराबाहेर पडते तीच मुळात स्पर्धेच्या दिवशी, हे खरं दुखणं आहे. सवय लावा हो, बाकी सगळं नंतर.

पागेवरचा
दादा, यात्रेतलं उभं असलेलं प्रत्येक घोडं शांत असतं असं नाही. मान खाली, कान ढिले, आजूबाजूला काय चाललंय याकडं लक्षच नाही, ते दमलेलं किंवा हरलेलं घोडं असू शकतं. चंदी नीट खातंय का, लीद कशी आहे, हे बघून ठरवा. सवय आणि हार मानणं यात फरक आहे, आणि तो न ओळखता लोक घोडी वाया घालवतात, याचा मला खरंच त्रास होतो.

रिकीब
मी ताईंच्या बाजूनं. टोकियो ऑलिंपिकमधलं मॉडर्न पेंटॅथलॉन आठवा, 2021. पाच खेळांची मिळून एक स्पर्धा, त्यातला एक घोडेस्वारी. घोडा चिठ्ठीनं मिळायचा आणि ओळख करून घ्यायला जेमतेम 20 मिनिटं. जर्मनीची आनिका श्लॉय पहिल्या नंबरवर होती, सेंट बॉय नावाचा घोडा ऐकेना, ती रडायला लागली, आणि ती जितकी खचत गेली तितका घोडा जास्त अडत गेला. पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली.

पागेवरचा
तोच घोडा तिच्याआधी दुसऱ्या एका स्वाराखालीही अडला होता, हे का सोडता? घोडा आधीच सांगत होता की मला जमत नाहीये. ऐकलं कुणी नाही.

नाशिकची_स्वार
हे वाचून आठवलं, माझी घोडी पुण्यात पोचल्यापासून रात्रभर खिंकाळत होती, गवत तसंच पडलेलं. मी ते बघितलं आणि तरी सकाळी खोगीर चढवलं. पागेवरचे दादा, ते माझ्याकडून चुकलं. माझ्या घट्ट हातांचं म्हणणं मात्र मी सोडत नाही, दुसऱ्या वेळी अडली ते माझ्यामुळंच. पुढच्या शोला नाव न देताच नेणार, शेजारच्यांचा म्हातारा घोडा सोबतीला, नुसतं मैदानाबाहेरून फिरवायचं. तापीकाठचे दादा, डिसेंबरात सारंगखेड्याला आणली तर चालेल का?

तापीकाठचा
या की! फक्त पहाटे फिरवा, बँड सुरू व्हायच्या आत.

पागेवरचा
आणि पाणी घरचंच न्या.